शबनमचं शिंगरू

शहागडच्या चांदपाशाची घोडी शबनम पांढरीशुभ्र. पंचक्रोशीतले नवरदेव तिच्यावरच मिरवायचे. तिला तिच्यासारखंच शिंगरू व्हावं म्हणून चांदपाशानं तिला टेम्पोत घालून पार लांब एका मारवाडी घोड्याकडं नेलं. मग वर्षभर चहाच्या टपरीवर ज्याला त्याला सांगत सुटला, "बघत राहा, राजबिंडं शिंगरू येणार!"

शिंगरू आलं. अंगानं मातकट, आणि कान हातभर.

"हे काय आहे?" चांदपाशा ओरडला.

"खेचर," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "आई घोडी, बाप गाढव. त्या घोड्याकडून ती गाभण राहिलीच नसणार. नंतर चरायला कुठं सोडत होतात?"

गोदेच्या काठाला. तिथंच वीटभट्टीवाल्या कचरूची गाढवं चरायची. चांदपाशा तणतणत त्याच्या दारात गेला.

"चांदभाई, मह्या गाढवाचं काय चुकलं?" कचरू म्हणाला. "तुम्हीच तर घोडी मोकळी सोडली. मंग?"

चांदपाशा तसाच माघारी फिरला. घरी आला, तर बायको अजीजुन्निसा शिंगराची मान खाजवत बसलेली.

"इसकू आगे बच्चे नहीं होते बोलते," ती हळहळली.

"मेरेकू ये एकच बस है!"

विकायला काढलं, तर शबनमनं दाणा सोडला. घनसावंगीच्या लग्नाला निघाले, तर शिंगराशिवाय ती पाऊल उचलेना. झक मारत दोघांना न्यावं लागलं. बँडमागून ते ध्यान येताना पाहून वरात खो खो हसली. चांदपाशाला भुई फाटावी असं झालं.

तेवढ्यात फटाक्यांची लड वाजली. शबनम बिथरली, नवरदेवाचा फेटा सुटला, चांदपाशा लगामाला लोंबकळला. खेचर मात्र ढिम्म. ते संथपणे येऊन आईला चिकटलं, तशी ती शांत झाली.

आठवड्यात दुसऱ्या एका लग्नघरातून फोन आला. "घोडी आणाच, पण ते खेचरबी आणा. पाहुण्यांना फोटो काढायचेत."

"अहो, गाढवाचं पोर आहे ते!"

"असू द्या ना. आणा बराबर!"

आता प्रत्येक वरातीत ते असतं. लग्न उरकलं की टेम्पोत चढायला मात्र साफ नकार. चांदपाशा ढकलतो, ओढतो, त्याच्या खानदानाचा उद्धार करतो. शेवटी घामाघूम होऊन खिशातली कागदात बांधलेली जिलेबी काढतो आणि अर्धी त्याच्या तोंडापुढं धरतो. तेव्हा कुठं ते पाय उचलतं.