टेनेसीची अहिराणी

अमेरिकेतही खेडी असतात, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. या एका अज्ञानापायी माझी नोकरी गेली, आणि तीही लागण्याआधी.

साठच्या दशकाचा शेवट. मी बी.ए. होऊन धुळ्याला घरी बसलो होतो आणि जळगावच्या एका शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा निघाली होती. ती मिळाली नाही तर आबांच्या दुकानात जन्मभर कापड मोजायचं, हे ठरलेलं. माझं इंग्रजी बिघडू नये म्हणून आबांनी लहानपणापासून घरात अहिराणीला बंदी घातली होती. त्यामुळे मला ती समजायची, पण बोलता यायची नाही. (इंग्रजीही तसंच होतं, पण त्याला बंदी नव्हती!) आईनं ती बंदी कधी मानली नाही. "तुमनी शुद्ध भाषा दुकानमा ठेवा," ती म्हणायची, "मना चुल्हाले ती समजत नही."

अशात आबांनी एक अमेरिकन घरी आणला. बिली त्याचं नाव. आमच्याकडच्या खेड्यांत कोंबड्या कशा पाळाव्यात हे शिकवायला तो आला होता. (तोवर आमच्या कोंबड्यांनी स्वतःच्या अकलेवर निभावलं होतं.) आबांनी त्याला वरची खोली दिली आणि अट घातली: भाडं नको, पोराला अस्सल अमेरिकन इंग्रजी शिकव.

बिली टेनेसी नावाच्या मुलखातला, डोंगराकडचा. नाकातून बोलायचा आणि एवढासा शब्द पुरणाच्या मांड्यासारखा कोपरापर्यंत ताणायचा. समोर चार माणसं असली की 'यू' नाही, 'यॉल' म्हणायचं. मला वाटतं म्हणजे 'आय रेकन'. काही करायच्या बेतात असलो की 'फिक्सिन टु'. मी विचारलं, "हे पुस्तकात कसं नाही?" तो म्हणाला, आमच्या गावात पुस्तकासारखं फक्त पाद्री बोलतो, तेही रविवारी. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही.

मी गच्चीवर सराव सुरू केला. दोन दिवसांत शेजारच्या मारवाडी भाभींनी शेकायला ओव्याची पुरचुंडी पाठवली. आबा त्यांना अभिमानानं म्हणाले, "पडसं नाही भाभी, त्याला अमेरिका झालीये."

मुलाखतीला आबा जळगावपर्यंत सोबत आले आणि दाराबाहेर बाकावर बसले. आत हेडमास्तर होते आणि शिकागोला शिकून आलेल्या एक बाई. मी नाकातून म्हणालो, "हाउडी, यॉल!"

हेडमास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, पुढं काय करायचा विचार आहे? मी म्हणालो, "आय रेकन आय ॲम फिक्सिन टु टीच." एवढं म्हणायला मला बिलीइतकाच वेळ लागला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"अस्सल अमेरिकन माणसानं. घरीच ठेवलाय. टेनेसीचा आहे."

"तरीच," बाई म्हणाल्या. "माणसं फार चांगली हो तिकडची. पण शिकागोत असं कोणी बोललं की लोक विचारतात, गाय कुठे बांधलीस?"

"म्हणजे तिकडची अहिराणीच म्हणा की," हेडमास्तर म्हणाले.

बाहेरून आबांचा आवाज आला, "पण साहेब, तो गोरा आहे हो."

परतीच्या बसमध्ये आबांनी पारोळ्यापर्यंत वरच्या खोलीचं बुडालेलं भाडं बोटांवर मोजलं. पारोळ्याला म्हणाले, "आज त्याचं बिऱ्हाड बाहेर." घरी आलो, तर बिली चुलीपुढे मांडी घालून कळण्याची भाकरी खात होता. मला पाहून म्हणाला, "काय व्हयनं, भाऊ? नोकरी लागनी का?"

आबा दारातच थांबले. "हा हे कुठे शिकला?"

"त्यामा शिकाडाले काय लागस?" आई म्हणाली. "भूक लागनी की बोलस तो."

आईपुढे बिऱ्हाड बाहेर काढायचं राहूनच गेलं. पुढच्या रविवारी हेडमास्तर हा टेनेसीचा माणूस बघायला मुद्दाम धुळ्याला आले. बिलीनं त्यांना कोंबड्यांची सगळी हकीकत अहिराणीतून सांगितली. हेडमास्तर चहा प्यायचा विसरले. निघताना आबांना म्हणाले, "आमची पोरं बहुतेक खेड्यातली. आजवरचे इंग्रजीचे मास्तर समजावायचे शुद्ध मराठीत, तेच त्यांना कळायचं नाही. याला आठवड्यातून दोन दिवस पाठवाल?"

अशी ती जागा भरली. इंग्रजीच्या जागेवर अमेरिकन लागला, आणि तोही अहिराणी येते म्हणून. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मी दुकानात बसलो. पहिलंच गिऱ्हाईक दोंडाईच्याकडचं, एक म्हातारेबुवा. मी अदबीनं विचारलं, "आपणांस कोणते कापड हवे आहे?" म्हातारेबुवा दचकले, "चुकीसन कचेरीमा उनू वाटस," असं पुटपुटले आणि पायरी उतरून समोरच्या दुकानात गेले.

संध्याकाळी आबांनी मला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यादेखत अहिराणीत बोलले, "याले काही तरी शिकाड."

आईनं मागं वळून न बघता पाट सरकवला. "माले येळ नही. बिलीनाजोडे बसाडा. तोच शिकाडी."

त्यानं शिकवली. आज मी अहिराणी घडाघडा बोलतो, थोडी नाकातून. फक्त खेड्यात गेलो की माणसं जरा वेळ ऐकून घेतात आणि मग आदरानं विचारतात, "भाऊ, तुम्ही मूळना कोठला?"