पाहुण्यांचा जिताडा
जिताड्याच्या कालवणाचा वास आला की उरणजवळच्या आमच्या गावातली ओटी आठवते. “नुसती मोजणी आहे” म्हणत आलेले जमिनीचे साहेब आठवडाभर आमच्याकडेच उतरले होते, आणि पाहुण्याला खाडीतला जिताडा मासा खाऊ घालायचा ही गावची रीत. शेवटच्या रात्री चुलीपाशी बसून मी आईला बीएच्या पुस्तकातलं ग्लेन्कोचं हत्याकांड वाचून दाखवलं: सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या त्या दरीत सैनिक पाहुणे म्हणून राहिले, जेवले, आणि एका पहाटे त्यांनी यजमानांनाच कापलं. “नाय गो बाय,” आई म्हणाली, “ज्याचे घरान जेवला त्याला कोन मारील?” दुसऱ्या सकाळी साहेबांनी आमच्या भातशेतात खुंट्या ठोकल्या, जमीन सरकारजमा. दुपारी ते जेवायला आले, आणि आईने मधला तुकडा त्यांनाच वाढला. आज वाटतं, ग्लेन्कोचे सैनिक बरे. ते निदान परत जेवायला आले नाहीत.