दौंडला ब्रेक तपासताना

दौंडला आमच्या गाडीची दिशा बदलते. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडलं, तरी गाडी हलेना. समोरच्या बाईंची मुलगी नगरला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. त्यांनी खिडकीतून गार्डला विचारलं, "आता कशाला थांबलोय?"

"ब्रेक तपासतोय, मावशी."

"इथवर लागत होते ना?"

"लागत होते. पण आता इंजिन त्या टोकाला गेलंय. तिथून शेवटच्या डब्यापर्यंत लागतात का, ते बघावं लागतं."

डब्याखाली हवेचा फुसकारा ऐकू आला. निघायची घाई सगळ्यांनाच असते. थांबता येईल ना, याची काळजी कुणीतरी परस्पर वाहत असतं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या. डोळे पुसून त्या गार्डला म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, भाऊ."