नोझलचा शॉट

“हा नोझलचा शॉट काढा, आम्ही लगेच यूए देतो,” साहेब म्हणाले. “नाहीतर ए.”

मी म्हणालो, शॉट निघणार नाही आणि ए मला चालणार नाही.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मुंबईतल्या सेन्सॉरच्या कचेरीत मी पहिल्यांदाच आलो होतो, आणि तिथे असं बोलत नसतात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोललोच असतो. तोंड आवरण्याबद्दल आमच्या तांड्यात माझं कधीच नाव नव्हतं.

समोर दोघं होते. एक हे परीक्षण अधिकारी. दुसऱ्या एक बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, सल्लागार सदस्य म्हणून आलेल्या. छोट्या फिल्मला एवढेच लोक बघायला बसतात. माझी फिल्म बावीस मिनिटांची होती. तिच्यात ना नाच, ना मारामारी. एक माणूस पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, फवारणी करतो आणि संध्याकाळपर्यंत मरतो, एवढीच गोष्ट.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. आर्णीत बसस्टँडजवळ माझा स्टुडिओ होता. आम्ही जातीचे बंजारा, दिग्रसकडचे. बाप शेती करायचा, मी कॅमेरा धरला. ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडअळी औषधाला दाद देत नव्हती, म्हणून लोक औषध वाढवत होते. दोन औषधं एकत्र करायची, मग तीन. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडावर काही नाही. फवारताना माणसं चक्कर येऊन पडायची. यवतमाळच्या एका संस्थेकडे व्हिडिओची गाडी होती. त्यांनी मला फवारणीवर फिल्म करायला सांगितलं. ती बाजाराच्या दिवशी गावोगाव दाखवायची होती.

फवारणी करणाऱ्याचं काम शामराव भगत यांनी केलं. शामराव आर्णीजवळच्या खेड्यातले मजूर. दोन हंगाम आधी त्यांचा धाकटा भाऊ असाच गेला होता. फवारता फवारता पंपाचं नोझल तुंबलं. नोझल म्हणजे नळीच्या टोकाची पितळी टोपी, तिच्या बारीक भोकातून औषध उडतं. पाण्यात माती असली की ते भोक बंद होतं. मग माणूस काय करतो? नोझल खोलतो, तोंडाला लावतो आणि फुंकतो. नाही निघालं तर ओढतो. आमच्याकडे सगळे हेच करतात. भावानं त्या दिवशी तीनदा केलं.

शामरावांनी कॅमेऱ्यासमोर भावासारखंच केलं. पंपात साधं पाणी होतं. शॉट झाल्यावर ते बांधावर बसले आणि मला म्हणाले, “भाऊ, बाकी काही बी कापा. हे नोका कापू. माह्या भावाची पोरगी करुणा चवदा वर्साची हाय, फवारणीले पाणी वाहून आणते. तिनं हे पाह्यलं पाह्यजे.”

मी हो म्हणालो. त्या वेळी ते सोपं होतं.

पहिलाच खेळ दिग्रसच्या बाजारात लावला आणि पोलीस ठाण्याच्या जमादारानं खेळ बंद पाडला. सर्टिफिकेट कुठाय? मला वाटायचं सेन्सॉर म्हणजे थेटरातल्या सिनेमाला. जमादारानं समजावलं की चार लोकांपुढे व्हिडिओ दाखवायचा तरी सर्टिफिकेट लागतं. माणूस चांगला होता. त्यानं चहा पाजला आणि टेप परत दिली.

म्हणून मी अर्ज केला, फी भरली, टेप पाठवली, आणि बोलावणं आल्यावर धामणगावहून मुंबईची रेल्वे धरली. पोळा तोंडावर आला होता. पोळ्यानंतर फवारणीचा जोर असतो. आमच्या फिल्मला त्याआधी गावात पोचायचं होतं.

आता हे यू, यूए, ए काय असतं ते सांगतो. यू म्हणजे कोणीही बघा. यूए म्हणजे बारा वर्षांखालच्यांनी आईबापाच्या सल्ल्यानं बघा. ए म्हणजे अठराच्या आतल्यांना बंदी. ए मिळाला तर करुणाला तिच्या बापाचं मरण बघता येणार नव्हतं. तिच्या वयाची जी पोरं पाणी वाहतात, औषध कालवतात, मोठी माणसं जेवायला बसली की पंप पाठीवर घेतात, ती सगळीच बाहेर.

साहेब अभ्यासू होते. त्यांचं म्हणणं मी इथे नीट लिहितो, कारण ते मूर्खपणाचं नव्हतं. नियमात असं आहे की पोरं ज्याची नक्कल करतील अशी धोक्याची कृती बारकाईनं दाखवू नये. इथे एक माणूस विषारी नोझल तोंडात धरतो, तेही जवळून, आठ सेकंद. एखाद्या पोरानं बघून केलं तर जबाबदार कोण? मी म्हणालो, साहेब, पोरं हे फिल्म बघून शिकत नाहीत, ती हे बापाला बघून शिकतात. साहेबांनी मान हलवली, पण त्यांचं मत काही हललं नाही.

मग त्यांनी तिसरा रस्ता काढला. एस नावाचं एक सर्टिफिकेट असतं. ते एखाद्या ठरावीक व्यवसायाच्या लोकांपुरतं असतं, जसं डॉक्टरांसाठीच्या फिल्मला देतात. साहेब म्हणाले, तुम्हाला शेतकऱ्यांपुरतं एस देऊ, शॉटही राहील.

मला हसू आलं. म्हणालो, “सर, फवारणारा बहुतेक शेतकरी नसतोच. तो मजूर असतो. दारात उभं राहून मी सातबारा तपासू लागलो, तर ज्याला बघायची गरज आहे तोच परत जाईल.”

बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी विचारलं, “राठोड, ते नोझल नेमकं केवढं असतं हो? पडद्यावर नीट कळत नाही.”

शूटिंगमधलं नोझल माझ्या बॅगेत होतं. कोरं आणलेलं, औषध कधी न लागलेलं. पण शूटिंगच्या पाण्यातली काळी माती त्यात वाळून बसली होती. मी ते साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, खिडकीच्या उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. पलीकडचं काही दिसेना. त्यांनी ते टेबलावर दोनदा आपटलं, पुन्हा पाहिलं. आणि मग तोंडाला लावून फुंकलं.

साहेबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्यांनी नोझल झटकन खाली ठेवलं आणि रुमालानं ओठ पुसले.

“यात काही नव्हतं ना?”

“नाही सर. नुसती माती आहे.”

माझ्या मनात तेव्हा लाडू फुटत होते, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, सर, तुम्ही मुंबईचे, शिकलेले, आयुष्यात पंप पाहिला नाही. तुम्हाला हे कोणी शिकवलं? हात आपोआप तोंडाकडे जातो. तो शॉट काढून काय होणार?

पण बाईंनी माझी हवा काढली.

“राठोड, साहेबांनी तुमची फिल्म अर्ध्या तासापूर्वी बघितली आहे. फुंकू नका, असं तिच्यात तुम्ही दोनदा सांगता. तरी त्यांनी फुंकलं. मग तुमची फिल्म नेमकं काय करते?”

दोन महिने मी ती फिल्म कापली, जोडली, तिला संगीत लावलं, आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नव्हती. बाईंनी शाळेतल्यासारखं पुढे विचारलं, “तोंड लावायचं नाही. मग काय लावायचं?”

ते फिल्ममध्ये कुठेच नव्हतं.

मी साहेबांना विचारलं की मी काही जोडून आणलं तर चालेल का. ते म्हणाले, “आम्ही काप म्हणू शकतो, जोड म्हणू शकत नाही. फिल्म परत घ्या, बदला, नव्यानं अर्ज करा. नवी फिल्म म्हणून बघू.” नवी फी, नवी तारीख. मी परत घेतली. लाज वाटत होती आणि रागही येत होता, तो सगळा स्वतःचाच.

खाली उतरून एसटीडी बूथवरून शामरावांच्या गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं त्यांना बोलावून आणलं. शॉट राहिला का, हे त्यांनी आधी विचारलं. मी म्हणालो, राहिला, पण आपल्याच फिल्ममध्ये एक गोष्ट सांगायची राहून गेली. सगळं सांगितलं. मग विचारलं की शेतात नोझल मोकळं करायला दुसरं काय सापडतं. पिन चालेल का? ते म्हणाले, पिनीनं भोक मोठं होते, मंग धार पडते. गवताची काडी चांगली. पण पुढे जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवलं.

“काडी पंपालेच बांधून ठेवा लागते, भाऊ. शोधा लागली तं माणूस तोंडच लावते.”

गावी आल्यावर आम्ही चाळीस सेकंद नव्यानं शूट केले. नोझल तुंबतं. शामराव ते तोंडाकडे नेतात, थांबतात. पंपाच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेली काडी घेतात, नोझलात फिरवतात, स्वच्छ पाण्यात खळबळून परत बसवतात. त्याच्या आधीचा जुना शॉट होता तसाच ठेवला. त्यात भाऊ झालेले शामराव पूर्ण आठ सेकंद फुंकतात, एक सेकंदही कमी नाही.

दुसऱ्या वेळी तेच साहेब, त्याच बाई. साहेबांनी फिल्म संपल्यावर विचारलं, काडी कसली? मी सांगितलं. त्यांनी एकही कट न सांगता यूए दिला. फिल्मच्या सुरुवातीला सर्टिफिकेट दाखवावं लागतं, नाहीतर जमादार पुन्हा चहा पाजेल, असं मी म्हणालो, तेव्हा तेही हसले.

या सगळ्यात पोळा होऊन गेला होता. हंगामातले तीन आठवडे आम्ही घालवले. त्या तीन आठवड्यांत आमच्या भागात दोन माणसं फवारताना पडली. एक वाचला. त्या दुसऱ्याबद्दल मी सेन्सॉरला शिव्या देत नाही. निम्म्या शिव्या माझ्या वाट्याच्या आहेत.

आर्णीच्या बाजारात दुपारी खेळ लावला. गाडीच्या मागच्या दारात टीव्ही, उजेड येऊ नये म्हणून वरून काळं कापड. करुणा पुढेच बसली होती. बापाच्या जागी मोठ्या बापाला, म्हणजे शामरावांना, नोझल फुंकताना तिनं पाहिलं, मान खाली घातली नाही. खेळ संपल्यावर माझ्याकडे आली. तिला एकच विचारायचं होतं.

“काका, मंग आमच्या बाबाले काडी काहून नाही बांधून देली कोणी?”

मी शामरावांकडे बघितलं. ते टीव्हीच्या वायरी गुंडाळायला लागले होते. मी तिला म्हणालो, कोणाले सुचलंच नाही बेटा, मले बी नाही. ती बाजारातल्या एका किराणा दुकानाकडे गेली. येताना तिच्या हातात सुतळीचं बंडल होतं.

लोक मला अजून विचारतात, सेन्सॉर पाहिजे की नको. वाद मोठा आहे, शहाण्या माणसांनी तो घालावा. मी तेव्हापासून एक काम करतो. फिल्म लिहिण्याआधी ती ज्या वस्तूबद्दल आहे ती वस्तू एखाद्या परक्या माणसाच्या हातात देतो, आणि काही न बोलता त्याच्याकडे बघत बसतो.