शब्दाला माणूस

नृसिंह मास्तरांचा एक हट्ट होता. इंग्रजी शब्द शिकवायचा तर त्याला गल्लीतला एखादा खराखुरा माणूस चिकटवूनच. कोशातला अर्थ पोरं घोकतात आणि परीक्षेच्या वाटेवर सांडून येतात, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे मॅट्रिकच्या शिकवणीला त्यांच्या ओसरीवर बसणाऱ्यांना इंग्रजी भाषा आणि शुक्रवार पेठेतल्या भानगडी दोन्ही एकदमच कळत.

खासबागेत कुस्त्या लागल्या की लुक, सी आणि वॉच यांचा धडा ठरलेला. ‘आखाड्याकडं नुसती मान वळवलीस ते लुक. पैलवान नजरेला पडला ते सी. आणि डाव बसेपर्यंत शेजाऱ्यानं तुझे शेंगदाणे खाल्ले तरी कळलं नाही, ते वॉच.’ इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण एन्व्ही आणि जेलसी हे दोन शब्द निघाले आणि मास्तरांनी समोरच्या घराकडे बोट केलं. ‘बायडाबाईची म्हैस बघून धोंडुबाईचा जीव जळतो, ती एन्व्ही. आणि आपल्या म्हशीला कुणाची नजर लागू नये म्हणून बायडाबाई गोठ्याला गोणपाट लावते, ती जेलसी.’

हे कुठल्यातरी पोरानं घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडुबाई पदर खोचून दारात हजर. ‘माझा जीव जळतोय म्हणून विंग्रजीत सांगत सुटलायसा व्हय मास्तर? मराठीत सांगा की माझ्या तोंडावर!’ मास्तरांनी मराठीतही सांगितलं. पुढे महिनाभर धोंडुबाई त्यांच्याशी बोलली नाही. मास्तरांनी उदाहरण मात्र बदललं नाही, कारण ते खरं होतं.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यानंतर ज्ञानू शिकवणीला आला. तिशीकडे झुकलेला, रुंद छातीचा, एका कचेरीत शिपाई. मॅट्रिक झाला तर कारकुनाच्या खुर्चीवर बसणार होता, आणि दोनदा तो इंग्रजीतच नापास झाला होता. पायरीवर चपला काढताना त्यानं मान वर केली आणि मास्तरांनी त्याला ओळखलं. ओळख विसरण्यासारखी नव्हतीच. अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनाची बातमी आली आणि गावात ब्राह्मणांची घरं पेटली, तेव्हा मास्तरांच्या घराचं दार लाथ घालून मोडलं होतं ते यानं. शेजारच्या करीम शिंप्यानं मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, कालिंदीबाईंना, आपल्या माडीवर लपवलं होतं. तिथल्या खिडकीतून दोघांनी स्वतःचं घर जळताना पाहिलं. पुस्तकांचं कपाट ज्ञानूनं एकट्यानं उचलून आगीत टाकलं होतं. आताची ओसरी होती ती त्याच जागी पुन्हा उभारलेल्या पत्र्याच्या घराची.

मास्तर म्हणाले, ‘बस.’

कालिंदीबाईंनीही आतून पाहिलं होतं. पोरं गेल्यावर त्या बाहेर आल्या. ‘त्याला हाकला. नाहीतर मी माहेरी जाते.’

‘शिकायला आलाय तो,’ मास्तर म्हणाले.

‘आणि तेव्हा कशाला आला होता?’

कालिंदीबाई माहेरी गेल्या नाहीत, पण शिकवणीच्या वेळी दाराला आतून कडी घालू लागल्या. कडीचा आवाज ज्ञानूलाही ऐकू जाई. तो खाली मान घालून लिहीत राही.

आणि तो चांगला शिकू लागला, हीच तर मास्तरांची पंचाईत. त्याच्या चुका काढताना त्यांचा हात कधी नको इतका जड होई, आणि मग स्वतःचीच शरम वाटून ते त्याला तेच वाक्य दुसऱ्यांदा समजावून सांगत. हा माणूस पुन्हा नापास व्हावा की पास व्हावा, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली. सारख्या अर्थाच्या शब्दांत एक्सक्यूज, पार्डन आणि फर्गिव्ह हे तीन आले. मास्तर म्हणाले, ‘तू उशिरा आलास आणि मी काही बोललो नाही, ते एक्सक्यूज. कळंब्याच्या तुरुंगातल्या कैद्याची शिक्षा सरकारनं सोडली, ते पार्डन. चला, पुढचे शब्द.’

इतर मुलं घरी गेली. ज्ञानू बसूनच राहिला.

‘मास्तर, तिसरा ऱ्हायला की.’

‘त्याला माणूस मिळत नाही.’

‘आख्ख्या गल्लीत एक बी न्हाय?’

ज्ञानूनं पुस्तक मिटलं. ‘तुमास्नी ठावं हाय न्हवं, मी कोण त्ये?’

‘पायरी चढलास तेव्हाच कळलं.’

‘मग शिकिवलंसा कशापायी?’

‘तो माझा धंदा आहे. दारात आलेल्याला शिकवायचं.’

‘तुमची गाय सोडलीती मी. पेटवायच्या आदी दावं कापून सोडलीती.’

‘बघितलं मी ते. तेवढं नसतं केलंस, तर शिकवणीला आलास त्या दिवशी पायरीवरूनच परत घालवला असता तुला.’

‘मग ह्यो शबुद...’

‘ज्ञानू, खोटं उदाहरण मी आजवर दिलेलं नाही,’ मास्तर शांतपणे म्हणाले. ‘जे झालेलं नाही ते झालं म्हणून कसं शिकवू? घे, कोशातला अर्थ लिहून घे. मार्क मिळतील.’

मास्तरांनी अर्थ सांगितला. ज्ञानूनं तो सावकाश, वळणदार अक्षरात लिहून घेतला, नमस्कार केला आणि गेला.

जूनमध्ये निकाल लागला. ज्ञानू पास झाला. पेढ्यांचा पुडा ओसरीवर ठेवून तो मास्तरांच्या पायाशी वाकला तेव्हा मास्तरांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्या आनंदाचाच त्यांना भयंकर राग आला.

तो गेल्यावर आतली कडी निघाली. ‘कुणाचे पेढे?’ कालिंदीबाईंनी विचारलं.

‘माझ्या विद्यार्थ्याचे,’ मास्तर म्हणाले, आणि एक पेढा त्यांनी तोंडात टाकला. पुडा त्यांनी बायकोपुढे धरला. कालिंदीबाईंनी हात पुढे केला नाही. मास्तरांनी आग्रह केला नाही.