अर्धी पावडर

कप्तानाच्या डोक्याला पावडर लावणं हे वाटतं तितकं सोपं काम नव्हतं. टक्कल मोठं, वरून स्टुडिओतले दिवे, आणि माणूस तापट. बोलायला लागला की घामाच्या धारा. देशाच्या संघातून खेळणं सोडून त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. आता तो चॅनेलवर तज्ज्ञ म्हणून फुटबॉलवर बोलत असे, पण सगळे त्याला अजून कप्तानच म्हणत. मेकअपच्या खुर्चीत बसला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "ताई, आज फारच उजेड पडलाय. विझवा जरा."

ती हसायची आणि विझवायची.

ती म्हणजे चॅनेलची मेकअपवाली. तिला सगळे ताई म्हणत, अगदी तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. आधी ती एका पार्लरमध्ये नवऱ्या सजवायची. नवरीच्या मागे तिची मावशी, आत्या, वहिनी अशा सगळ्या उभ्या राहून सूचना करत. इथे तसं काही नव्हतं. क्रीडा विभागात कुणाला सुंदर करायचं नव्हतं, फक्त घामाची चमक घालवायची होती. ब्रेक लागला की पफ आणि टिश्यू घेऊन पुढे धावायचं, कपाळं टिपायची, काउंटडाउन संपायच्या आत कॅमेऱ्याच्या बाहेर यायचं. पंखा फिरत असला की कुणी पंख्याकडे बघत नाही, तशी ती त्या पुरुषांना दिसत नसे. त्यामुळे तिच्यासमोर ते काहीही बोलत. ब्रेकमध्ये जे नागडं असे तेच ब्रेकनंतर कपडे घालून प्रेक्षकांसमोर जाई, हे तिला आता पाठ झालं होतं.

या मोसमात मात्र तिला ते ऐकवत नव्हतं. कारण तिची मुलगी मैदानावर होती.

मुलगी आधी खेळायची. गुडघा गेला तेव्हा आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपली आणि मग उठून रेफ्रीच्या परीक्षेला बसली. आता ती या मोठ्या लीगमध्ये सहायक रेफ्री म्हणून लाइनवर झेंडा घेऊन धावत होती. असं करणारी ती पहिलीच बाई. निवड झाली त्या दिवशी तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, तुझ्या चॅनेलवर कुणाला कळता कामा नये."

"मी कशाला सांगतेय?"

"शपथ घे. मी बरोबर झेंडा वर केला तर म्हणतील, आई चॅनेलवर आहे म्हणून कौतुक चाललंय. चुकला तर मग विचारूच नको."

लपवायला काही कष्ट पडले नाहीत. मेकअपवालीचं आडनाव चॅनेलवर कुणालाच माहीत नव्हतं.

स्टुडिओत एका बाजूला छोट्या टीव्हींची रांग होती. त्यातल्या एकावर मैदानाचं चित्र सतत येत असे, प्रेक्षकांना जाहिराती दिसत असतानासुद्धा. ती कपाळं टिपता टिपता तिकडे चोरून बघायची. मुलगी पलीकडच्या रेषेवर असली तर पूर्ण दिसे, धावताना, वळताना, झेंडा बगलेत धरून घाम पुसताना. अलीकडच्या रेषेवर असली की चित्राच्या खालच्या कडेत नाहीशी होई, कधी नुसतं झेंड्याचं टोक दिसे. अलीकडची बाजू आली की तिचा जीव थाऱ्यावर नसे. सामना संपून मुलगी ड्रेसिंग रूममध्ये पोचली की मिस्ड कॉल द्यायची. स्टुडिओत फोन न्यायला बंदी होती, पण तिने एप्रनच्या खिशात तो मुका करून ठेवलेला असायचा. पोटावर ती थरथर जाणवली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

घरी मुलीचे बाबा सामना बघायचे ते आवाज बंद करून. "मला माझी लेक बघायचीय, त्यांची बडबड कशाला ऐकू?" ते म्हणायचे. वीज कंपनीत मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. फारसं बोलणं त्यांना जमत नसे आणि ऐकणंही.

"तुम्ही उगाच हळवे होता," ती म्हणायची. ब्रेकमध्ये काय बोललं जातं ते तिने त्यांना कधी सांगितलं नाही.

मोसमातला सगळ्यात मोठा सामना दुपारचा होता. ज्यांचं मैदान, त्यांच्या संघाने अगदी शेवटाला गोल मारला. सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि त्याच वेळी अलीकडच्या कडेला, चित्राच्या तळाशी, झेंड्याचं टोक वर आलं.

ऑफसाइड. गोल रद्द.

तिच्या हातातला टिश्यूचा डबा निसटला. ऑफसाइड म्हणजे काय ते मुलीने तिला ओट्यावर डब्यांची झाकणं मांडून शिकवलं होतं: पास निघाला त्या क्षणी गोल मारायला निघालेल्याचं हे झाकण अडवणाऱ्यांच्या त्या शेवटच्या झाकणाच्या पुढे असता कामा नये. या लीगमध्ये व्हिडिओ बघून निर्णय बदलायची सोय नव्हती. झेंडा वर गेला की गेला.

प्रेक्षकांना रिप्ले दाखवला तो गोलच्या मागून. त्यात सगळेच एका ओळीत दिसत होते. "शंका घ्यायला जागा आहे," कप्तान गंभीरपणे म्हणाला. पुन्हा तोच रिप्ले. मग स्पीकरमधून प्रोड्यूसरचा आवाज आला, "गर्दी घ्या. ती निळ्या टॉपवाली, रडतेय ती. हां, तिच्यावरच राहा. जवळ जा अजून."

एका छोट्या टीव्हीवर मात्र रेषेच्या अगदी समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र थांबवून ठेवलं होतं. त्यात गोल मारणारा खेळाडू अर्ध्या अंगाने पुढे होता. झाकणांसारखं स्वच्छ.

"साहेब, रेषेचा अँगल आहे माझ्याकडे," रिप्लेवाला स्पीकरमध्ये म्हणाला. "एकदम क्लिअर."

"राहू दे तो. वाद आत्ताच मिटवला तर पुढचा अर्धा तास काय दाखवू, तुझं तोंड?"

शिट्टी झाली. सामना संपला. ब्रेक लागला आणि ती पफ घेऊन पुढे गेली, पण डोळे मैदानाच्या चित्रावरच होते. कडेच्या प्रेक्षकांतून काय काय येऊन पडत होतं, कागदाचे बोळे, बूट, बाटल्या. दोन पोलिसांच्या मधून तिची मुलगी बोगद्याकडे चालत होती. धावत नव्हती. धाव ना, अगं धाव, ती मनात म्हणाली. तेवढ्यात काहीतरी पांढरं उडत आलं, मुलीचं डोकं एका बाजूला झटकलं गेलं आणि ती गुडघ्यांवर वाकली. त्याच क्षणी कॅमेरा वळला. वरच्या मजल्यावर हाणामारी लागली होती, ती जास्त चांगली दिसत होती.

"काय हो कप्तान," शेजारी बसलेला अँकर हसत म्हणाला, "झेंडा होता की दोरीवरचं धुणं?"

"धुणंच. वाऱ्याने हललं आणि गोल गेला." कप्तानाने डोळे मिटून डोकं पुढे केलं, नेहमीसारखं. "दिसायला बरी आहे हो. कुणाच्या तरी खास मर्जीतली असणार. त्याशिवाय का असल्या सामन्याला उभी करतात? कुणाच्या ते तेवढं शोधा."

दोघं हसले. कप्तानाचं डोकं हसताना तिच्या हाताखाली हललं.

एप्रनचा खिसा गप्प होता. याच माणसाने ती आजारी असताना स्वतःच्या गाडीने तिला घरी सोडलं होतं. त्याच्या डोक्याची उजवी बाजू विझवून झाली होती, डावी राहिली होती. तिचा हात तिथेच थांबला.

"ती माझी मुलगी आहे," ती म्हणाली. 'डोळे मिटा' म्हणावं इतक्याच हळू आवाजात.

"काय?"

"लाइनवरची. माझी मुलगी. तिला आत्ता काहीतरी लागलं, खाली बसलीय ती." तिने छोट्या टीव्हीकडे बोट केलं. "आणि तो ऑफसाइडच होता. साहेबांकडे रेषेचा रिप्ले आहे, तो दाखवा ना."

कप्तानाने डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं असावं. तोंड उघडलं, पण फ्लोअर मॅनेजरचे आकडे सुरू झाले होते. मॅनेजरने तिचा दंड धरून तिला खेचून बाहेर काढलं आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

पडद्यावर कप्तानाचं डोकं अर्धं कोरडं आणि अर्धं लखलखीत दिसत होतं. त्याने घसा खाकरला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "त्या मुलीला इतकं धारेवर धरू नये. शेवटी तीही कुणाची तरी लेक आहे. चुका काय, सगळ्यांच्याच होतात."

"अगदी खरं," अँकरने मान हलवली.

तिला वाटलं, आता दाखवतील. आता रिप्ले येईल. आली ती निळ्या टॉपवाली, पुन्हा रडताना.

खिसा थरथरला तेव्हा ती कपड्यांच्या रॅकच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. तिने उलट फोन लावला.

"बरी आहे मी," मुलगी म्हणाली. "बाटली लागली, भुवईच्या वर. टाके नाहीत."

"चक्कर? उलटी?"

"नाही ग. आई, इथे टीव्ही चालू होता." मागे दारं आपटल्याचे आवाज येत होते. "कुणाची तरी लेक म्हणजे? तू सांगितलंस?"

"सांगितलं," ती म्हणाली.

"ऑफसाइड होता की नव्हता?" मुलीने विचारलं.

"होता. मी बघितला. अर्ध्या अंगाने पुढे होता."

"मग ते कुणी का नाही बोललं?" मुलीचा आवाज चिरकला. "मी न केलेली चूक माफ केली त्याने मला, सगळ्यांसमोर. तुझ्यासाठी. आता माझा झेंडा बरोबर होता हे कुणाला पटणार आहे, आई?"

दुसऱ्या दिवशी प्रोड्यूसरने तिला बोलावलं. मुलीचा विषय त्याने शेवटी, दारापर्यंत गेल्यावर काढला. नातं आधीच सांगायला हवं होतं, म्हणाला. मुख्य तक्रार पावडरची होती. कप्तानाच्या अर्ध्या डोक्याचे फोटो सगळीकडे फिरत होते, लोक खाली काय काय लिहीत होते. "इतकी हलगर्जी, ताई? तुमच्याकडून?" तिला क्रीडा विभागातून काढून सकाळच्या आरोग्याच्या कार्यक्रमावर टाकलं. तिथले डॉक्टर घामही कमी गाळत.

कप्तान मेकअपच्या खोलीत येऊन उभा राहिला. खुर्चीत बसला नाही. "ताई, मला माहीत नव्हतं हो."

"माहीत नव्हतं म्हणूनच तर बोललात," ती ब्रश पुसत म्हणाली. तो गेला.

रेफ्रींच्या संघटनेने मुलीला काढलं नाही. 'लक्ष ठेवून आहोत' एवढंच कळवलं आणि पुढचा सामना दिला. मैदान तेच, यजमान संघही तोच.

"आजारी आहे म्हणून सांग," ती म्हणाली. "एकच सामना."

"मग दुसरा मिळणार नाही." मुलगी मोरीच्या आरशासमोर उभी होती. भुवईच्या वरचा डाग आता जांभळ्याचा पिवळा झाला होता. "आई, हे झाकून दे. बिचारी दिसायला नकोय मला."

आयुष्यात पहिल्यांदा मुलीने तिला आपल्या चेहऱ्याला मेकअपचा हात लावू दिला. तिने खिडकीपाशी स्टूल ओढलं. आधी डागाचा पिवळेपणा दाबणारा जांभळट रंग, वर कातडीच्या रंगाचा थर, मग पावडर. बोट टेकलं की मुलगी कळेल न कळेल इतकी आक्रसत होती. किती नवऱ्या, किती टकलं या हाताखालून गेली, पण एवढा छोटा डाग तिला झाकता येईना.

"दुखतंय?"

"नाही. टिकेल ना?"

"मध्यंतरापर्यंत टिकेल. पुढे घामाच्या हाती."

"कुठली बाजू आहे तुझी?" दारातून बाबांनी विचारलं.

"अलीकडची," मुलगी म्हणाली आणि बॅग उचलून गेली.

सामना सुरू झाला तेव्हा आई घरी सोफ्याच्या कडेवर बसली होती. बाबांनी आवाज बंद केलेला होता. या वेळी तिलाही ते बरं वाटलं. घरच्या टीव्हीवर किती कमी दिसतं हे तिला आज कळत होतं. छोट्या पडद्यांची रांग नाही, वेगवेगळे अँगल नाहीत. चॅनेल जे देईल तेवढंच. खालच्या कडेला मधूनच झेंड्याचं टोक येई आणि जाई. ते आलं की बाबा बोटाने दाखवत, "ही बघ." दोनदा कॅमेऱ्याने मुलीचा चेहरा जवळून दाखवला, पडद्याच्या खाली अक्षरांची काहीतरी पट्टी फिरत होती. आईने पट्टी वाचली नाही. तिने भुवई बघितली. थर अजून जागेवर होता.

मध्यंतराच्या अगदी तोंडावर झेंडा पुन्हा वर गेला. त्याच संघाविरुद्ध. खेळाडू हात पसरत रेषेकडे धावले, एक, मग तीन, मग सगळेच, आणि चित्राच्या तळाशी नुसत्या पाठी दिसू लागल्या. झेंड्याचं टोक त्यांच्यात बुडालं. मागच्या प्रेक्षकांत लोक बाकांवर चढत होते. रेफ्री शिट्टी वाजवत तिकडे धावला.

आणि जाहिराती लागल्या.

पडद्यावर एक बाई हसत ओले केस मोकळे करत होती.

"ब्रेक आहे," बाबा म्हणाले. रिमोट त्यांच्या हातात उलटा होता. "येईलच आता परत."

"तिथे ब्रेक नसतो हो," ती म्हणाली.

ती घरात होती, फोन समोर टेबलावर ठेवला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण तिने घरीही एप्रन बांधला होता आणि सवयीने फोन त्याच्या खिशात ठेवला होता, पोटाला लागून. मिस्ड कॉल सामना संपल्यावर येतो, मध्यंतरात येत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने दोन्ही हात खिशावर दाबून धरले आणि त्या बाईचे केस वाळायची वाट बघत बसली.