उजव्या कोपऱ्यातला हनीफ

लातूरच्या एका तेल गिरणीच्या कबड्डी संघात हनीफ नावाचा गडी होता आणि तो कानानं पकड करायचा. हसू नका, आधी ऐकून घ्या.

चढाई करणारा गडी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत अंगावर येतो. बाकीचे त्याचे पाय बघतात, खांदे बघतात. हनीफ त्याचा दम ऐकायचा. कितीही तयारीचा गडी असो, त्या म्हणण्यात एका जागी बारीकशी गाठ पडते. मन घराकडं वळलेलं असतं आणि पाय अजून वळलेले नसतात. तेवढ्या फटीत हनीफचा पंजा त्याच्या घोट्यावर बसलेला असे. मग तो गडी बैलासारखा ओढू दे नाही तर पालीसारखा वळवळू दे, घोटा काही सुटत नसे.

ही विद्या नरसिंग वस्तादांची. वस्ताद म्हणजे अजब माणूस. हनीफला उजव्या कोपऱ्यात उभा करायचे, डोळ्यांवर टॉवेल बांधायचे आणि एकेक गडी त्याच्यावर सोडायचे. पहिल्या दिवशी त्यानं वस्तादांचाच पाय धरला होता म्हणतात. वस्ताद खाली पडल्या पडल्या म्हणाले, “पाय चुकला, पण येळ बरोबर हाय. पाय मागून शिकशील.” सहा महिन्यांत गिरणीच्या गेटवरचा चहावालासुद्धा पैज लावायला लागला, की हनीफच्या पाठीमागून दम रोखून जाऊन दाखवा.

त्र्याण्णव साली वस्ताद गणपती विसर्जनासाठी औशाकडच्या आपल्या गावी गेले. पहाटे भूकंप झाला. चौथ्या दिवशी संघातली पोरं टेम्पो करून तिकडं गेली, तर गल्ली कुठली आणि घर कुठलं तेच कळेना. सगळ्यांनी मिळून दगड उचलले. हनीफ मधूनच हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा आणि ढिगाऱ्याला कान लावायचा. दिवस मावळेपर्यंत त्यानं कान लावले. तिथून आल्यावर तो संघात खेळत राहिला, पकडीही करत राहिला, पण त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही.

वस्तादांमागं संघाला वाली उरला नाही. पाच वर्षांत संघ उतरत उतरत तळाला गेला. गिरणीचीही तीच गत. शेवटी संचालक मंडळानं ठराव केला: यंदाच्या साखळीत सात सामने आहेत, त्यातला एक जिंका. एक जिंकला तर संघ राहील. नाही तर खेळाडू म्हणून कामावर घेतलेल्या बाराही जणांना सुट्टी.

हनीफ तेव्हा छत्तीस वर्षांचा. सकाळी तेलाचे डबे उचलायचे आणि दुपारनंतर मैदान, ह्यापलीकडं त्याला काही येत नव्हतं.

आता नवा कोच हवा. त्या दिवसांत लातुरात एकच हवा होती. गल्लोगल्ली क्लासेस, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो. गिरणीचे चेअरमन माधवराव ह्यांचा नातू दोनदा आपटून तिसऱ्यांदा मेडिकलला लागला होता, तो अंबरीश सरांच्या फिजिक्सच्या क्लासमुळं. माधवराव सभेत म्हणाले, “ज्यानं माझ्या नातवाला डॉक्टर केलं, त्याला ह्यांना एक सामना जिंकून देणं जड जाईल का?” सगळ्यांनी माना हलवल्या. तो काळच तसा होता. सरांनी मनावर घेतलं तर दगडही पास होतो अशी गावाची श्रद्धा होती.

अंबरीश सर माणूस सज्जन. त्यांनी जन्मात कबड्डी खेळली नव्हती, पण आठ दिवसांत कबड्डीवर चोपन्न पानांच्या नोट्स काढल्या. मैदानाच्या कडेला फळा आणला. पहिल्याच दिवशी म्हणाले, “दर रविवारी लेखी पेपर. वीस मार्कांचा. जो वर येईल तो खेळेल, जो खाली जाईल तो बाहेर बसेल. वशिला नाही.”

“सर, पकड कागदावर कशी करावी?” मलप्पानं विचारलं. मलप्पा हा संघाचा चढाईचा गडी, निलंग्याकडचा.

“आधी कागदावर जमली पाहिजे, मग मातीत जमते.”

पहिला पेपर झाला. ‘पकड निसटल्यास काय करावे?’ ह्या प्रश्नावर मलप्पानं लिहिलं, ‘घरी जावे.’ सरांनी पाव मार्क दिला, अक्षरासाठी. पहिला आला यासेर. बी.एस्सी.ला नापास झालेला, नाजूक हाडाचा पोरगा. भावाच्या ओळखीनं गिरणीत चिकटलेला. हनीफ उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेला. त्याला वीसपैकी दोन मिळाले, तेही नाव लिहिल्याचे. यादी भिंतीवर लागली. उजव्या कोपऱ्यात यासेर, आणि हनीफ बाकावर.

पहिला सामना गेला. दुसरा गेला. यासेर उभा मात्र झकास राहायचा, अगदी फळ्यावरच्या चित्रासारखा. गडी त्याला शिवून परत जायचे तरी तो तसाच उभा. सर रेषेबाहेरून ओरडायचे, “प्रश्न तिसरा आठवा, प्रश्न तिसरा!” प्रेक्षकांत हशा व्हायचा. बाकावर हनीफ मान खाली घालून बसायचा आणि दम तुटला की त्याची बोटं आपोआप मिटायची. समोर कुणीच नसायचं.

तिसरा गेला, चौथा गेला. मलप्पा त्याला म्हणाला, “हनीफभाई, दोन अक्षरं गिरवा की. तुमच्याबिगर आमचं काही खरं न्हाई.”

तेव्हा त्याची बायको जाहिदा पुढं आली. ती मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेली, शिलाई मशीनवर बसायची. सरांच्या नोट्स तिनं मशीनवर ठेवल्या आणि शिवता शिवता नवऱ्याला पढवायला लागली.

“चढाई करणारा डावा पाय पुढे टाकून बोनस घेत असल्यास उजव्या कोपऱ्याने काय करावे? बोला.”

“घोटा धरावा.”

“नक्को. तसं लिहिलं तर अर्धा मार्क. ‘पंचेचाळीस अंशाच्या कोनात उभे राहून, त्याचे वजन पुढच्या पायावर गेल्याची खात्री करून’, मग घोटा.”

“तेवढ्यात तो गडी घरी जाऊन जेवून येतो.”

“येऊ दे. तुम्ही पास व्हा.”

पाचवा सामना गेला. हनीफला नऊ मार्क. तो डबे उचलताना पुटपुटायला लागला: पंचेचाळीस अंश, वजन पुढच्या पायावर, खात्री करून. सहावा गेला. सातव्याच्या आधीच्या रविवारी त्याला सतरा मिळाले. यादीत चौथा. सरांनी स्वतः त्याचा हात हातात घेतला. सरांचे डोळे भरले होते. “हनीफभाई, माझ्या सगळ्या बॅचमधे इतकी सुधारणा कुणी केली नाही.”

शेवटचा सामना लोह्याला, तिथल्या जिनिंगच्या संघाशी. ट्रकमधून जाताना हनीफ पुटपुटतच होता. हनीफ उजव्या कोपऱ्यात उभा राहिला तेव्हा मलप्पानं मातीला हात लावून कपाळाला लावला. तोही त्या दिवशी पेटला होता. एकट्यानं अकरा गुण आणले. हनीफला दोन पकडी मिळाल्या, पण दोन्ही वेळा गडी स्वतःच घसरले होते. हे फक्त हनीफला ठाऊक.

शेवटचं मिनिट. लातूरकर चोवीस, लोहेकर तेवीस. त्यांच्या पंढरीची चढाई. रिकामा गेला तरी सामना आपला, संघ आपला, नोकरी आपली.

पंढरी आला. डावा पाय पुढे. हनीफ पंचेचाळीस अंशात उभा राहिला. आता वजन बघायचं. पुढच्या पायावर गेलं का? गेल्यासारखं वाटतंय. खात्री करून. आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की दमाची गाठ मघाशीच पडून गेली. ती त्यानं ऐकली नव्हती. तो झेपावला. बोटांत घोटा आला, ओलसर, गरम, आणि निघून गेला. मदतीला धावलेल्या यासेरलाही पंढरी शिवला. रेषा ओलांडली. दोन गुण. शिट्टी झाली.

कुणी हनीफला दोष दिला नाही, हेच वाईट. सर ट्रकपाशी आले. “उभं राहणं बरोबर होतं तुमचं,” ते म्हणाले. “माझं कुठं चुकलं, मला कळलं नाही.”

“उत्तर बरोबरच होतं, सर,” हनीफ म्हणाला.

महिनाअखेरीला बारा जणांची नावं गेटवर लागली. मलप्पा गावाकडं गेला. यासेरला एका क्लासमधे पेपर तपासायचं काम मिळालं. मैदानावर वसतिगृह होणार म्हणून खडी पडली.

हनीफ घरी बसून राहिला. चार दिवस जाहिदानं बघितलं. पाचव्या दिवशी दुपारी कपडा अर्धा टाकून उठली. त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, त्याला खोलीच्या उजव्या कोपऱ्यात उभा केला आणि स्वतः दारापाशी गेली. जन्मात तिनं मैदान बघितलं नव्हतं. पदर खोचून ती “कबड्डी कबड्डी” म्हणत त्याच्याकडं यायला लागली. आधी लाजत, मग जोरात. हनीफ वाकला. हात पुढे केले. मान एका बाजूला कलती केली, ढिगाऱ्याशी केली होती तशी.

ती त्याच्यापर्यंत आली, उभी राहिली आणि धापा टाकत मागे फिरून दारापर्यंत गेली. त्याचे हात तसेच पुढे होते, बोटं उघडीच.

“कुठवर आलीस?” त्यानं विचारलं.

“जाऊन आले,” ती म्हणाली आणि टॉवेल सोडायला वळली.